स्पिटफायरच्या मागच्या सीटवर: कागद, ढग आणि अर्धा तास

पैसे भरले की स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानात बसता येतं हे कळल्यावर माझा पहिला प्रश्न होता, "किती?" आणि नाशिकहून फोनवर बाबांचा पहिला प्रश्न होता, "इंजिनाचे तास किती झालेत?" बाबा ओझरला एचएएलमध्ये मिग-२१च्या जोडणीत होते. विमान म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर आधी लॉगबुक येतं, आकाश नंतर. पुढे जे काही झालं त्यात त्यांचेच प्रश्न जास्त उपयोगी पडले, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते.

मी इंग्लंडमध्ये रीडिंगला राहते, नोकरी ऑफिसातली, उडण्याचा अनुभव इकॉनॉमी क्लासपुरता. २०२४च्या जानेवारीत मी ठरवलं आणि सप्टेंबरात उडाले. मधला सगळा काळ कागदपत्रं, विमा, डॉक्टर आणि ढग यांत गेला. ज्यांना हे करायचं आहे त्यांना उड्डाणाचे व्हिडिओ खंडीभर सापडतील. मला त्याआधीचं सापडत नव्हतं, त्यामुळे इथे तेच जास्त आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. स्पिटफायर पहिल्यांदा उडालं ५ मार्च १९३६ रोजी, साउदॅम्प्टनजवळ. नंतर वीस हजारांहून जास्त बनली. ती लढाऊ विमानं, म्हणजे एकाच माणसाची. मग प्रवासी बसतो कुठे? युद्धानंतर काही विमानांत पायलटच्या मागे दुसरं कॉकपिट बसवून प्रशिक्षणाची आवृत्ती काढली गेली. आयर्लंडने ती घेतली, आपल्या हवाई दलानेही घेतली. आज पैसे घेऊन लोकांना नेतात ती याच जातीची, टी-नाइन म्हणतात ती. काही तेव्हाची, काही एका सीटच्या विमानावरून अलीकडे तशी बनवलेली. इंग्लंडच्या दक्षिण आणि पूर्व भागात बिगिन हिल, गुडवुड, डक्सफर्ड, हेडकॉर्न अशा ठिकाणांहून ही उड्डाणं होतात. मी केंटमधलं हेडकॉर्न निवडलं. तिथली धावपट्टी गवताची आहे, आणि अर्ध्या तासात डोव्हरचे पांढरे कडे बघून परत येता येतं.

आता पैसे. २०२४मध्ये तीस मिनिटांच्या उड्डाणाला सुमारे तीन हजार पौंड पडत होते. तेव्हाच्या रुपयांत सव्वातीन लाखांच्या आसपास. वीस मिनिटांचं थोडं स्वस्त मिळतं, पण त्यातली टेक-ऑफ आणि लँडिंगची मिनिटं तेवढीच असतात, म्हणजे कात्री लागते ती नेमकी मधल्या मजेला. दोन स्पिटफायर शेजारी-शेजारी उडवणारं पॅकेज बरंच महाग आहे. उलट, दुसऱ्या विमानात किंवा हेलिकॉप्टरमध्ये बसून उडत्या स्पिटफायरला शेजारून बघायचं असेल तर काहीशे पौंडांत काम होतं. टायगर मॉथ किंवा हार्वर्ड या जुन्या प्रशिक्षण विमानांतली फेरीही तेवढ्यात होते. फक्त कॉकपिट, वास आणि आवाज यांचीच ओढ असेल तर आधी हार्वर्डमध्ये बसून बघा, असं मी अगदी मनापासून सांगेन.

इतके पैसे का, याचं उत्तर बाबांनी एका वाक्यात दिलं: "सत्तावीस लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन आहे, ते काय वडापाववर चालतं?" स्पिटफायरचं हे मर्लिन इंजिन साध्या वेगातही तासाला दीडशे-दोनशे लिटर पेट्रोल पितं, आणि प्रत्येक उड्डाणाबरोबर पुढच्या ओव्हरहॉलची तारीख जवळ येते. सुटे भाग बनवणारे हात मोजके. याच संदर्भात एक गोष्ट वाचली आणि हिशोबच उलटा झाला. १९४० साली ब्रिटनने लोकांकडून देणग्या घेताना ‘पाच हजार पौंडांत एक स्पिटफायर’ असा दर सांगितला होता. प्रत्यक्ष खर्च त्याहून जास्त होता, पण पाच हजार भरले की विमानावर देणाऱ्याचं नाव लिहीत. मुंबईतूनही पैसा गेला, आणि १३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ‘सिटी ऑफ बॉम्बे’ हे नाव मिळालं. ती स्क्वाड्रन स्पिटफायर उडवायची. बाबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग तुला डिस्काउंट मागायला हवा."

डिस्काउंट मिळाला नाही. फेब्रुवारीत बुकिंग केलं. इथे दोन प्रकार असतात: तारीख ठरवून घेणं, किंवा मुदतीचं व्हाउचर विकत घेऊन तारीख नंतर ठरवणं. भेट द्यायची नसेल तर व्हाउचरच्या वाटेला जाऊ नका. चांगले स्लॉट तारखेवाल्यांना आधी मिळतात आणि व्हाउचरची मुदत हवामानासाठी थांबत नाही, ती वाढवून मागावी लागते. पैसे मी ब्रिटिश क्रेडिट कार्डाने भरले. शंभर ते तीस हजार पौंडांच्या खरेदीत काही बिनसलं तर १९७४च्या कन्झ्युमर क्रेडिट अॅक्टच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीही जबाबदार असते. डेबिट कार्डाला हे संरक्षण नाही. भारतातून येऊन करणार असाल तर कार्डावरचं परकीय चलनाचं मार्कअप आधी विचारून घ्या, तीन हजारांवर ते चांगलंच टोचतं. आणि व्हिसाच्या मुदतीत किमान दोन-तीन आठवडे मोकळे ठेवा. का ते पुढे येईल.

बुकिंगच्या आधीच ऑपरेटरने, म्हणजे उड्डाणं चालवणाऱ्या कंपनीने, एक लांबलचक मजकूर पाठवला होता. ब्रिटनमध्ये ही पद्धत नागरी हवाई वाहतूक प्राधिकरणाने, म्हणजे सीएएने घालून दिलेली आहे. तिचं लांब नाव आहे ‘सेफ्टी स्टँडर्ड्स अॅक्नॉलेजमेंट अँड कन्सेंट’, थोडक्यात एसएसएसी. जुनी लढाऊ विमानं ‘परमिट टू फ्लाय’वर उडतात. प्रवासी विमानाला लागतं तसं प्रमाणपत्र त्यांना मिळत नाही, मिळूही शकत नाही. त्यामुळे २०१० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत अशा विमानांत तिकीट लावून माणसं नेणं इथे सरळ मार्गाने शक्यच नव्हतं. मग तोडगा निघाला: ऑपरेटरने आपली व्यवस्था सीएएला दाखवायची, आणि बसणाऱ्याला धोका स्पष्ट सांगून त्याची लेखी संमती घ्यायची. म्हणून तिथे तुम्हाला ‘पॅसेंजर’ म्हणत नाहीत, ‘पार्टिसिपंट’ म्हणतात. अमेरिकेत मस्टँगसारख्या जुन्या लढाऊ विमानांसाठी अशीच वेगळी सवलत असते.

तो मजकूर वाचणं हा या सगळ्यातला सर्वात कठीण भाग होता. त्यात गोड काही नाही. हे विमान आजच्या सुरक्षा मानकांना उतरत नाही, ते उतरावं अशी अपेक्षाही नाही, धोका प्रवासी विमानापेक्षा कितीतरी जास्त आहे, अपघात जिवावर बेतू शकतो, आणि प्रसंग आला तर तुम्हाला स्वतःच्या हाताने पट्टे सोडून हवेत बाहेर पडावं लागेल. आपण अॅप डाउनलोड करताना जसं डोळे मिटून ‘मान्य’ दाबतो, तसं इथे करू नका. मी एका रविवारी सकाळी तो छापून घेतला आणि पेन्सिल घेऊन बसले. नवऱ्याने वाचला आणि कागद टेबलावर ठेवून म्हणाला, "बरं झालं, निदान खोटं तरी बोलत नाहीत." आमच्या घरात परवानगीची चर्चा एवढीच झाली.

बाबांनी मात्र यादी पाठवली. परमिटची मुदत कधीपर्यंत, पॅराशूट शेवटचं कधी घडी घातलं, पायलटचे या जातीच्या विमानावरचे तास किती, इंजिनाचं शेवटचं मोठं काम कधी झालं. मी जरा संकोचून ईमेल केला. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, सगळ्या प्रश्नांची उत्तरं देणारं, आणि शेवटी वडिलांना नमस्कार सांगा असं लिहिलेलं. तुमच्या घरी ओझरवाले बाबा नसले तरी हे चार प्रश्न विचारा. चांगला ऑपरेटर त्याने रागावत नाही.

पुढचा कागद विम्याचा. माझा आयुर्विमा इथला एक, भारतातला टर्म प्लॅन एक, आणि ऑफिसचा गट विमा. तिन्हीकडे एकच प्रश्न लेखी विचारला: परमिटवर उडणाऱ्या माजी लष्करी विमानात, संमतीपत्रावर सही करून, एकदा बसले तर संरक्षण राहील का? फोनवर विचारलं तर समोरचं माणूस ‘फ्लाइट’ एवढंच ऐकतं आणि ‘हो हो’ म्हणतं. लेखी उत्तरं आली तेव्हा एकाने साफ नाही म्हटलं होतं, एकाने हो, आणि एकाने पॉलिसीतलं कलम तसंच्या तसं चिकटवून पाठवलं होतं, ज्याचा अर्थ कुठलाही लागू शकतो. एका दिवसाचा वेगळा अपघात विमा मिळतो, पण त्यातही ‘एव्हिएशन’ शब्दाखालची बारीक अक्षरं वाचावी लागतात. मी काढला, साठ-सत्तर पौंडांत. कर्ज, मुलं, एकट्याच्या पगारावर घर असेल तर हे काम बुकिंगच्या आधी उरकावं.

तब्येतीचा फॉर्म तसा सुटसुटीत आहे. हृदयविकार, फिट्स, अलीकडची शस्त्रक्रिया, गर्भारपण, पाठीची दुखणी. वजनाची वरची मर्यादा शंभर किलोच्या थोडी पुढे आणि उंचीची सव्वासहा फुटांच्या आसपास, ऑपरेटरनुसार थोडी बदलते. मी रक्तदाबाची गोळी घेते असं लिहिलं, तर जीपीचं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरचं, पत्र मागितलं. असं पत्र एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, मोफत कामात येत नाही, त्याचे पैसे पडतात. माझे चाळीस पौंड गेले आणि पत्र हातात यायला कित्येक आठवडे लागले. कुठलीही गोळी चालू असेल तर हे पत्र सगळ्यात आधी मागायला घ्या, कारण घाई करून ते लवकर येत नाही.

हे सगळं जुळत आलं आणि २५ मे रोजी बातमी आली. रॉयल एअर फोर्सच्या बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइटचं, म्हणजे १९४०च्या हवाई लढाईची आठवण म्हणून जुनी विमानं उडवणाऱ्या ताफ्याचं, एक स्पिटफायर लिंकनशायरमध्ये कोनिंग्जबीजवळ कोसळलं, पायलट गेला. हवाई दलाने त्या ताफ्यातली विमानं उड्डाणांतून काढून उभी केली. त्याआधी २०१५मध्ये शोरहॅमला हवाई कसरतींच्या वेळी एक जुनं हंटर जेट महामार्गावर पडून खालचे अकरा लोक गेले होते, तेही मग घरात कुणीतरी काढलंच. आई फोनवर म्हणाली, "अगं, पैसे गेले तर गेले, सोडून दे." बाबा मागून काहीच बोलले नाहीत, आणि त्यांचं न बोलणं मला जास्त जड गेलं. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःहून फोन केला. म्हणाले, "कारण कळेपर्यंत मी तुला जा असंही म्हणणार नाही आणि जाऊ नको असंही नाही. तू सही केलेला कागद परत वाच." मी वाचला. त्यात या बातमीने काही नवीन भर पडत नव्हती. जे लिहिलं होतं तेच घडलं होतं. ऑपरेटरने आपणहून ईमेल करून, नको असेल तर सांगा, असं विचारलं होतं. मी विचार करायला आठवडा मागून घेतला, आणि मग जाते म्हणून कळवलं. धैर्य वगैरे काही नव्हतं. धोका आधी मान्य केला होता, तो आता फक्त खरा वाटायला लागला होता.

जूनमधली तारीख ढगांनी खाल्ली. आदल्या संध्याकाळी फोन आला की ढगांचा तळ फार खाली राहणार आहे. ही विमानं बाहेर डोळ्यांनी बघत उडवतात, ढगात शिरत नाहीत. जुलैतली तारीख जास्त त्रासाची ठरली, कारण आभाळ निळंशार होतं. आम्ही दोन तास गाडी चालवून हेडकॉर्नला पोचलो आणि वारा आडवा. स्पिटफायरची चाकं एकमेकांच्या फार जवळ असतात, नाक लांब आणि जड, त्यामुळे जमिनीवर आडवा वारा त्याला अजिबात मानवत नाही. दुपारी दोनपर्यंत सगळे वाऱ्याच्या पिशवीकडे बघत बसलो. तिथेच पॅराशूटिंग क्लब आहे, तेही बिचारे चहा पीत बसले होते. शेवटी पायलट स्वतः येऊन म्हणाला, आज नाही. मला त्याचं बरं वाटलं. समोर पैसे भरलेली माणसं बसलेली असताना नाही म्हणणारा पायलट हवा.

रिकाम्या दिवसाचं काय करायचं म्हणून आम्ही फोकस्टनजवळ कॅपल-ल-फर्नला गेलो. तिथे कड्यावर बॅटल ऑफ ब्रिटनचं स्मारक आहे. जमिनीत पांढऱ्या चुन्याच्या दगडात विमानाच्या पंख्याची तीन प्रचंड पाती कोरलेली, आणि मध्ये समुद्राकडे बघत बसलेला एक पायलट. शेजारच्या भिंतीवर त्या लढाईत उडालेल्या जवळपास तीन हजार जणांची नावं. हेडकॉर्नची तारीख रद्द झाली तर परत घरी पळू नका, इथे या. मला स्वतःला आणखी आठवण झाली ती एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरीच्या बायकांची. दीडशेहून जास्त बायका कारखान्यातून नवी विमानं तळांवर पोचवायच्या, स्पिटफायरही, आणि १९४३पासून त्यांना पुरुषांइतका पगार मिळायला लागला. त्यांना कुणी मागच्या सीटवर बसवलं नव्हतं.

सप्टेंबरातला स्लॉट मी सकाळचा मागून घेतला. दुपारी उन्हाने हवा तापते, विमान हिंदकळतं आणि पोट बिघडायची शक्यता वाढते. शिवाय सकाळी धुकं असलं तर सरकायला पुढे अख्खा दिवस असतो. आदल्या रात्री दारू नको, सकाळी उपाशीही नको. मी दोन टोस्ट खाल्ले. रेल्वेने जाणाऱ्यांसाठी: लंडन ब्रिजहून हेडकॉर्न स्टेशन तासाभरावर, पुढे टॅक्सी सांगून ठेवा, स्टेशनबाहेर उभी असेलच असं नाही.

पोचल्यावर आधी कपड्यांसकट वजन. मग एसएसएसीचा तोच मजकूर पुन्हा, या वेळी समोर माणूस बसून, आणि शेवटची सही. मग व्हिडिओ. मग उडी मारायचा धडा, जो खरा महत्त्वाचा. एका लाकडी खुर्चीवर बसवून तो पाठ करून घेतला. कॅनॉपी, म्हणजे डोक्यावरचं काचेचं झाकण, मागे सरकवा, हेडसेटची वायर सोडा, विमानाचे पट्टे सोडा, पॅराशूटचे नाही. बाजूचं अर्धं दार उघडा, पंखाच्या मागच्या कडेकडे स्वतःला फेकून द्या, विमानापासून लांब गेलात की डाव्या बाजूचं हँडल दोन्ही हातांनी ओढा. पट्ट्यांची दोन बकलं एकमेकांवर येतात आणि चुकीचं सोडलं तर काय होईल हे सांगायची गरज नव्हती. शिकवणाऱ्या बाईंनी डोळे मिटून करायला लावलं. हात आपोआप योग्य बकलावर जाईपर्यंत सोडलं नाही. बाहेर तेवढ्यात पॅराशूटवाले मजेत, स्वखुशीने, एकामागून एक गवतावर उतरत होते.

मग हिरवा फ्लाइंग सूट. अंगावरचं सुटं सगळं काढायला सांगितलं: बांगड्या, मंगळसूत्र, कानातलं, घड्याळ, खिशातलं नाणंसुद्धा. मला वाटलं सोपस्कार असेल, पण कारण नीट सांगितलं. रोलमध्ये, म्हणजे विमान कुशीवरून पूर्ण उलटं फिरतं तेव्हा, सुटी वस्तू कॉकपिटच्या तळाला जाऊन कंट्रोलच्या सांध्यात अडकू शकते. बाबांच्या भाषेत एफओडी, विमानात नको तिथे पडलेली वस्तू. बांगड्या निघेनात, तेव्हा साबण आणून दिला. अशा बांगड्या घालत असाल तर घरूनच काढून जा. चष्म्याला मागून दोरी बांधली. फोन नेऊ देत नाहीत. बूट सपाट तळाचे हवेत.

पॅराशूट म्हणजेच बसायची गादी. ते मागे लोंबत असताना बदकासारखं चालत विमानापर्यंत जायचं. पंखावर पाय कुठे ठेवायचा ती जागा काळ्या पट्टीने दाखवलेली असते, तिच्या बाहेर नाही. जवळून ते विमान मला नाजूक वाटलं. पंखाचे खिळे पत्र्यात इतके सपाट की बोट फिरवलं तरी लागत नाहीत, आणि पंखाची मागची कड हाताच्या पंजाहून पातळ. कॉकपिट अरुंद. दोन्ही खांदे भिंतींना लागतात. समोर घड्याळांसारखे काटे, मधोमध विमान वळवायची स्टिक, आणि तिच्या टोकाला गोल कडं. डावी-उजवीकडे फक्त वरचा अर्धा भाग हलतो, कारण पूर्ण दांडा हलवायला गुडघ्यांच्या मध्ये जागाच नाही. पट्टे बांधणाऱ्या मुलाने माझ्या बरगड्यांत गुडघा टेकवून शेवटचा पट्टा ओढला आणि विचारलं, श्वास घेता येतोय ना? मी हो म्हटलं, तर म्हणाला, मग अजून थोडा ओढतो.

इंजिन सुरू होताना धुराचा एक लोट कॅनॉपीवरून गेला, आणि त्यानंतर आवाजापेक्षा हादरा जास्त जाणवला. दात, मांड्या, चष्म्याची काडी, सगळं थरथरायला लागलं. पेट्रोल, तेल आणि तापलेला रंग यांचा मिसळलेला वास. जमिनीवर हे इंजिन पटकन तापतं, म्हणून वेळ न काढता टॅक्सी, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीकडे जाणं, सुरू. लांब नाकामुळे समोरचं काही दिसत नाही, त्यामुळे पायलट नागमोडी वळणं घेत जातो. १९४४मध्ये याच तळावरून अमेरिकन मस्टँग उडायची. पायलटने हेडसेटमध्ये विचारलं, अजूनही नको म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा, कुणी काही बोलणार नाही. मी चला म्हटलं.

गवतावरचे दणके बसत होते आणि अचानक थांबले. मग विमानाने किंचित मान हलवल्यासारखं केलं. चाकं वर घ्यायचा दांडा उजवीकडे असतो, त्यामुळे पायलटला उडता उडता स्टिकवरचा हात बदलावा लागतो, त्याचं ते डुलणं. हे आधी वाचलं नसतं तर माझं पाणी पाणी झालं असतं.

अॅशफर्डवरून पुढे गेलो. खाली फळबागा, टोकदार टोप्यांची जुनी हॉप वाळवायची घरं, एम-२० महामार्ग, आणि फोकस्टनला चॅनल टनेलच्या गाड्या उभ्या. दोनशे मैलांच्या वेगाने डोव्हर यायला वेळच लागत नाही. कडे येण्याआधी डावीकडचा पंख खाली गेला आणि कॅपल-ल-फर्नची तीन पांढरी पाती अख्खी दिसली. जमिनीवरून ती तुकड्यांत दिसतात, वरून कळतं की तो पंखा आहे. पाण्यावर गेल्यावर पायलट म्हणाला, "यू हॅव कंट्रोल."

स्टिकचं कडं दोन बोटांत धरायला सांगितलं होतं. मी मुठीत धरलं आणि नाक लगेच वर. पुढे-मागे हे विमान इतकं हलकं आहे की दंड आवळला तरी त्याला कळतं. डावी-उजवीकडे मात्र जोर लागतो. पहिलं वळण ओबडधोबड, दुसरं बरं. तिसऱ्या वळणात मला पंखाची ती लंबगोल कड क्षितिजावर तिरकी सरकताना बघायला फुरसत मिळाली. किती वेळ चालवलं माहीत नाही, घड्याळ काढून ठेवलं होतं. रोल करायचा का विचारलं, एक करू म्हटलं. समुद्र डोक्यावर आला, गाल खाली ओढले गेले, आणि आभाळ परत जागेवर. लूप, म्हणजे उभी गोल गिरकी, नको म्हटलं. पोटाने अगदी स्पष्ट मत दिलं होतं. तसं सांगायला लाजू नका, पुढे बसलेल्याला मागे काय चाललंय ते दिसत नाही.

परतताना रोमनी मार्शवरून आलो, दूर डंजनेसचं अणुवीज केंद्र. आत भयंकर उकडत होतं, सूट पाठीला चिकटलेला. त्या गरमीबद्दल कुणीच लिहीत नाही. आत सुती टी-शर्ट घाला, दुसरं काही नको.

उतरल्यावर पाय थोडे लटपटत होते, म्हणून लगेच गाडी चालवू नका, सोबत ड्रायव्हर असू द्या. कॉकपिटमधल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ वेगळे पैसे देऊन मिळतो. मी घेतला तो बाबांसाठी, कारण त्यात माझा चेहरा आहे तेवढेच मागचे काटेही दिसतात. तिकीट, जीपीचं पत्र, एका दिवसाचा विमा, व्हिडिओ, जुलैच्या फुकट गेलेल्या फेरीचं पेट्रोल आणि जेवण, सगळं धरून बिल तिकिटाच्या वर सव्वातीनशे पौंडांनी गेलं. तेवढे बाजूला काढूनच बुकिंग करा. नाशिकला बाबांनी तो व्हिडिओ टीव्हीवर लावला, इंजिनाच्या तापमानाचा काटा दिसला तिथे थांबवला, आणि मला फोन करून विचारलं की टॅक्सी करताना किती मिनिटं गेली. मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "हं. मग बरोबर आहे."